निकानोररावांकडे पदभार

कामं वाटून द्यावीत, हे लिम्बेर्त कोंडोरीला शिबिरात शिकवलं. कोणाला वाटून द्यावीत, ते शिकवायचं राहून गेलं. पुढचा सगळा घोळ तिथून झाला.

शिबिराचं नाव 'आरोग्य व्यवस्थापकांसाठी वेळेचं नियोजन आणि काम-घर समतोल' असं होतं आणि ते शनिवार-रविवारी ठेवलं होतं. ज्यांना घरच्यांबरोबर जेवायला वेळ मिळत नाही अशा, थंड पठारावरच्या एल आल्तो शहरातल्या समस्त हॉस्पिटल-प्रशासकांना सुट्टीच्या दिवशी, ऐन दुपारी, एका हॉटेलात कोंडून, घरच्यांबरोबर जेवणं किती महत्त्वाचं असतं ते समजावण्यात आलं. समजावणारा तरुण सांताक्रूझकडचा, उकाड्यातला. पातळ शर्टात उभा राहून तो असा कुडकुडत होता की समोर बसलेली मंडळी स्वतःच्या वेळेपेक्षा त्याच्या छातीची चिंता करत होती. "तुम्ही एक दिवस नसलात तर तुमचं हॉस्पिटल बंद पडेल का?" त्याने विचारलं. लिम्बेर्तने प्रामाणिकपणे हात वर केला. दुसऱ्या कोणीच केला नाही. त्यानंतर दोन दिवस, बिघडलेल्या माणसाचं उदाहरण द्यायचं झालं की तो तरुण लिम्बेर्तकडे बोट दाखवायचा.

रविवारी संध्याकाळी लिम्बेर्त समतोल साधून घरी आला, तर टेबलावर त्याचं ताट पालथं घातलेलं होतं.

"हे काय?"

"ताट आहे," नेल्वा म्हणाली. "ओळख आहे ना? बरेच दिवस भेट नाही तुमची."

नेल्वा, त्याची बायको, सकाळच्या शाळेत शिकवायची आणि दुपारी घरी येऊन चुलीशी उभी राहायची. आमच्याकडे जेवण म्हणजे दुपारचं जेवण. त्या वेळी दुकानदार शटर ओढतात, कारकून खिडकी लावून घेतात, रस्त्यावरची कुत्रीसुद्धा आपापल्या दारी जातात. फक्त लिम्बेर्त जात नसे. ऐन जेवणाच्या वेळी ऑक्सिजनचा ट्रक यायचा, नाहीतर पंप बंद पडायचा, नाहीतर दोन डॉक्टर एकाच खोलीवरून भांडायचे; आणि हे सगळं आपल्यावाचून सुटणार नाही अशी त्याची ठाम समजूत होती. त्या समजुतीत थोडं सुखही होतं, पण ते त्याने शिबिरात कबूल केलं नाही.

"पितरांच्या सणापर्यंत वाट बघते," नेल्वाने सांगितलं. "दुपारचा जेवायला येत गेलास तर ठीक. नाहीतर मी आब्रिलला घेऊन कोचाबांबाला ताईकडे चालले. तिकडची शाळाही बघून ठेवलीय. भांडत नाहीये मी, फक्त कळवतेय."

भांडण झालं असतं तर लिम्बेर्तने निभावून नेलं असतं. हे नुसतं कळवणं कसं निभवायचं, ते शिबिरात कोणी शिकवलं नव्हतं. आब्रिल, त्यांची सात वर्षांची मुलगी, कोपऱ्यात वही रंगवत होती. कधीमधी तो दुपारी जेवायला आलाच, तर या बापलेकीचा एक गुप्त करार असे. लिम्बेर्तला चुन्यो घशाखाली उतरत नसत. चुन्यो म्हणजे हिवाळ्यात गोठवून, तुडवून, वाळवलेले काळे बटाटे. पठारावर जन्मलेल्या माणसाला ते आवडत नाहीत हे उघड सांगणं म्हणजे आईबापांच्या नावाला बट्टा. म्हणून नेल्वाची पाठ वळली की तो आपले चुन्यो आब्रिलच्या ताटात सरकवायचा आणि आब्रिल खिदळत ते मटकावायची. ही पोर कोचाबांबाला गेली तर आपले चुन्यो कोण खाणार, असा एक हास्यास्पद विचार त्याच्या मनात आला आणि त्याला एकदम रडू आलं.

सोमवारी तो कामं वाटायला निघाला.

डॉ. तेराझास, वैद्यकीय प्रमुख, म्हणाले, "कोंडोरी, मी सर्जन आहे. माणसाचं पोट उघडून दाखवतो, पंपाचं नाही." हिशेबखात्याच्या हिलारियाबाई म्हणाल्या, "आनंदाने सांभाळीन, पण लेखी आदेश आणा." आदेशासाठी ठराव लागतो. ठरावाचा मसुदा प्रशासकाने करायचा, प्रशासकानेच तपासायचा, आणि तो तपासण्यात गुंतलेला असेल तेवढा वेळ प्रशासकाचा पदभार दुसऱ्या कोणाकडे तरी असावा लागतो, म्हणजे त्याच्यासाठी आधी एक ठराव. लिम्बेर्तने हा नियम वाचला आणि खाली सही बघितली. सही त्याचीच होती.

हॉस्पिटलशेजारी एफ्राइनचं टायरचं दुकान होतं. हा आब्रिलचा धर्मपिता, म्हणजे घरातलाच माणूस, आणि सल्ला देण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. "दुसरा फोन घे," तो म्हणाला. "पहिला वाजला की दुसऱ्यावर बोलतोय म्हणून सांग. दुसरा वाजला की पहिल्यावर."

"आणि दोन्ही वाजले तर?"

"तर तू मोठा माणूस झालास, लेका!"

शेवटी तोडगा सासूबाईंनी काढला. क्रिस्पिनाबाई बाजारात लोकर विकायच्या आणि त्यांच्या दुकानात, लोकरीच्या गुंड्यांमधल्या एका फळीवर, निकानोरराव राहायचे. निकानोरराव ही त्यांची न्यातिता. म्हणजे कवटी, पण सासूबाईंसमोर तो शब्द उच्चारायची कोणाची प्राज्ञा नव्हती. निकानोररावांनी सासूबाईंच्या स्वप्नात येऊन स्वतःच नाव सांगितलं होतं. हयातीत रेल्वेत होतो आणि एकही गाडी उशिरा सोडली नाही, असंही सांगितलं होतं. हा दावा तपासायला आता कोणी उरलेलं नाही.

"घेऊन जा त्यांना हॉस्पिटलात," सासूबाई म्हणाल्या. "माझं दुकान सांभाळतात, चोराची हिंमत नाही. चौकीवालेसुद्धा मागायला येतात. तुमचं हॉस्पिटल म्हणजे काय मोठं! सोमवारी एक सिगारेट, चार पानं कोकाची, दोन फुलं. बस्स. पगार नाही, रजा नाही."

"आई, मी व्यवस्थापनाचा पदवीधर आहे."

"ते काही मनावर घेणार नाहीत, जावईबापू."

लिम्बेर्तने खूप आढेवेढे घेतले आणि मग निकानोररावांना केकच्या खोक्यात घालून नेलं. केबलकारमध्ये समोरच्या बाईने, "वाढदिवस का? कितवा?" असं विचारलं, तेव्हा त्याने खोक्याचं झाकण घट्ट दाबून धरलं. कचेरीत पोचल्यावर त्याने दार लावलं आणि पाहुण्यांना खुर्चीमागच्या फळीवर, फायलींच्या मधोमध बसवलं. 'धूम्रपान केल्यास कारवाई होईल' या पाटीखाली, जिच्यावर पुन्हा त्याचीच सही होती, त्याने एक सिगारेट पेटवून त्यांच्या दातांत दिली. आता दुपार झाली होती, फोन वाजायच्या बेतात होता, आणि निकानोरराव उघडे-बोडके दिसत होते. सासूबाई त्यांची टोपी धुवायला काढून ठेवून विसरल्या होत्या. एल आल्तोच्या थंडीत पाहुण्याला बोडकं ठेवायचं म्हणजे काय? लिम्बेर्तने आपली टोपी काढून त्यांना घातली. तपकिरी, कानझाकणी, नेल्वाने विणलेली.

हे त्याने करायला नको होतं. माणसाच्या वापरातल्या टोपीत त्याचा जीव गुंतलेला असतो. दचकून पळालेला जीव परत आणायचा तर टोपी हलवून नावाने हाक मारतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लिम्बेर्तलाही ठाऊक होतं. पण तो घाईत होता, आणि वेळेचं नियोजन करताना माणसाला भान राहत नाही.

"निकानोरराव," तो खाकरून म्हणाला, "मी जेवायला जातोय. माझ्या जागी तुम्ही."

त्या दुपारी फोन वाजला नाही. लिम्बेर्तने शेंगदाण्याचं सूप संपवलं, चुन्यो गुपचूप आब्रिलकडे पोचवले, फोन चालू आहे ना ते खिशातल्या खिशात चाचपून बघितलं. नेल्वाने दुसऱ्यांदा सूप वाढलं. तो तरंगतच हॉस्पिटलला परतला.

गेटवर पोर्फिरिओ होता, शिपाई, कधी कोणाचं कौतुक न करणारा माणूस. "साहेब, तुमचं बरोबर होतं हो," तो म्हणाला. "ट्रक मागच्या गेटने घेतला, झटक्यात काम झालं."

"मी कधी सांगितलं?"

"काय साहेब! आत्ता नाही का खाली आलात? बोलला नाहीत, पण बघितलंत माझ्याकडे. माझं मला कळलं."

लिम्बेर्त वर गेला. निकानोरराव फळीवर होते. सिगारेट पार बुडापर्यंत संपली होती आणि राख लिम्बेर्तच्या टेबलावर, नेमकी त्याच्या बसायच्या जागेसमोर पडली होती. दार तर त्याने बाहेरून कुलूप लावून बंद केलेलं होतं. त्याने राख फुंकरली आणि ठरवलं की पोर्फिरिओने दुपारी थोडी घेतली असावी.

मग रोजच तसं होऊ लागलं. लिम्बेर्त घरी जेवायचा आणि हॉस्पिटलात तो सगळ्यांना भेटायचा. "कोंडोरी, तुम्ही बदललात," डॉ. तेराझास त्याला जिन्यात गाठून म्हणाले. "पूर्वी मी एक वाक्य बोललो की तुम्ही तीन बोलायचात. आज मी खोलीसाठी तावातावाने भांडत होतो, आणि तुम्ही नुसते बघत बसलात. हलला नाहीत. बोलता बोलता माझं मलाच वाटलं, अरे, हा काय पोरकटपणा चाललाय आपला! ही विद्या कुठे शिकलात?"

"शिबिरात," लिम्बेर्त म्हणाला.

"फक्त ती सिगारेट सोडा. आणि जेवत जा जरा, गाल बसलेत तुमचे."

इथे एखाद्या शहाण्या माणसाने टोपी काढून घेतली असती, निकानोररावांना सासूबाईंच्या फळीवर परत नेऊन ठेवलं असतं. पण लिम्बेर्तला काय बोचलं? भुताटकी नव्हे. त्याला बोचलं ते हे, की आपण बारा वर्षं घसा फोडला तेव्हा कोणी ऐकलं नाही, आणि हा इसम तोंड न उघडता लोकप्रिय झाला. हिलारियाबाईंनी टेबलावर फुलं आणून ठेवली. संचालकांनी भर बैठकीत, "कोंडोरी हल्ली कमी बोलतात, फार छान," असं म्हटलं. माणसाचा अपमान करायचा हा काय प्रकार झाला?

एका दुपारी त्याने ठरवलं, की आज जेवायला जायचंच नाही. खुर्चीत बसायचं आणि काय होतं ते डोळ्यांनी बघायचं. तो बसला. बाहेर लख्ख ऊन होतं, अंगण रिकामं, कुठे चिटपाखरू नाही. निकानोरराव त्याच्या मागे होते. त्यांची नजर मानेवर जाणवत होती, म्हणून त्याने खुर्ची फिरवली, तर मग दाराकडे पाठ झाली आणि तेही बरं वाटेना. बराच वेळ काहीच घडलं नाही. ट्रकही आला नाही. त्याला भूक लागली, हसू आलं, स्वतःची थोडी लाज वाटली. आज येत नाही हे नेल्वाला कळवायला हवं, म्हणून त्याने घरी फोन लावला.

"कोण?" नेल्वा म्हणाली.

"अगं मी. आज जरा—"

"कोण बोलतंय?"

"लिम्बेर्त!"

पलीकडे मागे चमच्यांचा आवाज येत होता आणि आब्रिल काहीतरी सांगत होती, लामाची लांबलचक गोष्ट. "ते जेवायला बसलेत," नेल्वा हळू आवाजात म्हणाली. "जेवताना फोन घेत नाहीत ते." आणि तिने फोन ठेवला.

लिम्बेर्त धावत सुटला. घरी पोचला तेव्हा टेबल आवरून झालं होतं. त्याचं ताट पुसल्यासारखं स्वच्छ होतं आणि ताटाच्या काठाला चिमूटभर राख होती.

"विसरलास का काही?" नेल्वाने विचारलं. "आत्ता तर गेलास."

"बाबा, तू आज माझी पूर्ण गोष्ट ऐकलीस," आब्रिल म्हणाली. "एकदापण मध्ये बोलला नाहीस." पण तिचं तोंड जरा उतरलेलं होतं.

तेव्हापासून जिथे लिम्बेर्त नसेल तिथे तो दुसरा असायचा. पुढेपुढे तर लिम्बेर्त जिथे जायला निघायचा तिथे तो आधीच पोचलेला असायचा. फार आधी नाही; थोडासाच. निकानोरराव वेळेवर यायचे आणि लिम्बेर्तला जन्मभर थोडासा उशीर व्हायचा, एवढाच काय तो फरक. सकाळी हॉस्पिटलात हजेरीच्या यंत्रावर बोट ठेवलं की ते म्हणायचं, 'आपली नोंद झालेली आहे.' जिन्याकडे वळला की पोर्फिरिओ आडवा यायचा.

"कोणाला भेटायचंय?"

"पोर्फिरिओ, अरे मी कोंडोरी!"

"कोंडोरीसाहेब वर आहेत, मीटिंग चालू आहे. नंबर घ्या, बाकावर बसा." मग जरा मायेने, "दुपारी थांबू नका हां. साहेब जेवायला घरी जातात. घड्याळ लावून घ्यावं त्यांच्यावर."

आपणच सुरू केलेल्या नंबरच्या पद्धतीत लिम्बेर्त सकाळभर बाकावर बसला. त्याचा नंबर आला तेव्हा खिडकी जेवणासाठी बंद झाली. घरी पोचला तर तिथलं जेवण आटोपलेलं. संध्याकाळी तो घरात असायचा खरा, पण काही सांगायला जावं तर नेल्वा म्हणायची, "सांगितलंस की दुपारी." त्याच्या सगळ्या गोष्टी आधीच सांगून झालेल्या असायच्या, आणि न बोलता सांगितल्यामुळे जास्त रंगलेल्या असायच्या.

त्याने सासूबाईंना गाठलं. "आई, त्यांना परत न्या."

"कामावर असलेल्याला मध्येच उठवायचं नसतं," त्या म्हणाल्या. "आठ तारखेला न्यातितांचा सण. त्या दिवशी मी त्यांना बँड लावून स्मशानात पूजेला नेणारच आहे, तेव्हा बघू. आणि तुम्हाला दुखतंय कुठे, जावईबापू? नेल्वा खूश, हॉस्पिटल खूश. तुमच्या जागी लागलेला माणूस चांगला निघाला, तर पोटात का दुखावं?"

एफ्राइनचं मत वेगळं नव्हतं. "कचेरीत तो, घरात तो. तू मोकळा! हाच तो समतोल, ज्याच्यासाठी लोक शिबिराला जातात. बस इथे."

लिम्बेर्त टायरवर बसला. दिवसच्या दिवस बसला. कामही नाही, घरही नाही, दोन्ही पारडी अगदी सारखी. गिऱ्हाइकं त्याच्याकडे बघायचीच थांबली. सकाळी गरम पॅटिस विकणारी बाई त्याच्या डोक्यावरून हात पुढे करून मागच्या माणसाला पॅटिस द्यायची. एकदा एफ्राइनने दुकान बंद करताना त्याच्यावर शटर ओढलं, आणि तो आत आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

मग पितरांचा सण आला. ऐन दुपारी मेलेली माणसं जेवायला घरी येतात, म्हणून नेल्वाने आपल्या वारलेल्या वडिलांसाठी, म्हणजे लिम्बेर्तच्या सासऱ्यांसाठी, भिंतीशी वेगळं टेबल मांडलं होतं. काळं कापड, फुलं, फळं, आणि चेहरे लावलेल्या माणसांच्या आकाराच्या पावरोट्या. लिम्बेर्त त्या दिवशी टायरच्या दुकानातून जिवाच्या आकांताने धावला. नेल्वाची मुदत आजची. आज वेळेवर पोचायचंच. बारा वाजता त्याने दार ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा तो वेळेवर आला होता.

जेवणाच्या टेबलाशी त्याच्या खुर्चीत त्याची तपकिरी टोपी पाठमोरी बसली होती.

टोपीखाली मान होती, मानेखाली त्याचाच रविवारचा कोट. चमचा शांतपणे वर जात होता, खाली येत होता. ताटातले काळे चुन्यो एकामागून एक संपत होते. आब्रिल समोर बसून त्या ताटाकडे टक लावून बघत होती. लिम्बेर्तने "आब्रिल!" म्हणून हाक मारली, तिने मान वर केली नाही. दार वाऱ्याने उघडलं असावं तसं सासूबाईंनी दाराकडे बघितलं आणि हात जोडले.

"आले," त्या कुजबुजल्या. "या, बसा. तुमचीच वाट बघणं चाललंय."

घरात रिकामी खुर्ची एकच होती, भिंतीशी मांडलेल्या टेबलाजवळ. लिम्बेर्तने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तो त्या खुर्चीत बसला. आपण इथे बसतोय म्हणजे काय होतंय, हे त्याला पुरतं कळत होतं, आणि तरी त्याने समोरच्या पावरोटीचा चेहरा टाळून एक पाय मोडला आणि खाल्ला.

"बघा! बघा! खाल्ली!" सासूबाई आनंदाने ओरडल्या. "म्हाताऱ्याने पाय खाल्ला! आवडायचीच त्याला!" आणि त्या रडायला लागल्या. लिम्बेर्तलाही रडू येत होतं, पण सासऱ्यांच्या नावावर रडणं त्याला बरं दिसेना.

नेल्वा मात्र रडत नव्हती. सूप वाढता वाढता ती थांबली होती आणि भिंतीकडे बघत होती. सरळ त्याच्या डोळ्यांत. मग तिने डोळे खाली घातले आणि खुर्चीतल्या पाहुण्याला सूप वाढलं.

तो आठवडा लिम्बेर्तने कसा काढला ते विचारू नये. आठ तारखेला सासूबाई हॉस्पिटलातून केकचं खोकं घेऊन थेट लेकीच्या घरी आल्या. निकानोररावांना काढून त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवलं, म्हणाल्या, "घटकाभर बसू दे, मग स्मशानात नेते. बँडवाले खाली आलेत." खाली खरोखरच तुताऱ्या आणि ढोल तापवणं चाललं होतं. लिम्बेर्त दाराशी उभा होता. आत यायला त्याला कोणी म्हटलं नव्हतं, आणि न म्हणता येण्याचं बळ आता त्याच्यात उरलं नव्हतं.

नेल्वा ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने निकानोररावांच्या डोक्यावरची टोपी काढली.

"अगं, थंडी वाजेल त्यांना!" सासूबाई ओरडल्या.

"ही त्यांची नाही, आई."

ती उंबऱ्यावर आली. बाहेर उन्हात तिने टोपी हलवली, आणि पोरं गल्लीत खेळत असली की जेवायला बोलावतात तशा वैतागलेल्या आवाजात हाक मारली. "लिम्बेर्त! चल, ये. घरी ये. सूप निवतंय." दुसऱ्यांदा हाक मारताना तिचा आवाज फाटला. तिसऱ्यांदा ती नुसतीच "ये रे" म्हणाली.

लिम्बेर्तच्या अंगात एकदम वजन आलं. गुडघे दुखले, पोट भुकेने ओरडलं, नाकात सुपाचा वास भरला. आब्रिलने मान वर केली. "बाबा!" ती किंचाळली, आणि त्याच क्षणी खिशातला फोन वाजायला लागला. हॉस्पिटल. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मागोमाग पुन्हा वाजला. तिकडे ट्रक आला असणार, पंप बंद पडला असणार, डॉ. तेराझास पुन्हा बोलायला लागले असणार.

नेल्वा त्याच्याकडे बघत होती. निकानोररावही बघत होते.

लिम्बेर्तने फोन काढला, केकच्या खोक्यात ठेवला, त्यावर निकानोररावांना बसवलं आणि झाकण लावलं. सासूबाई जिना उतरेपर्यंत खोकं वाजत होतं. मग खाली बँडने एकदम सूर धरला आणि काही ऐकू येईना.

तो खुर्चीत बसला. खुर्ची थंडगार होती. आब्रिलने आपलं ताट त्याच्या ताटाजवळ सरकवलं आणि लिम्बेर्तने एक चुन्यो अलगद पलीकडे ढकलला. पोर खिदळली. नेल्वाची पाठ नव्हती वळलेली. तिने सगळं बघितलं.

"तुला माहीत होतं?" लिम्बेर्तने विचारलं.

"पहिल्याच दिवशी. चुन्यो खाल्ले त्याने. सगळे."

"आणि तू बोलली नाहीस? इतके दिवस? पितरांच्या टेबलावर मला बघितलंस, नेल्वा!"

नेल्वा पाव तोडत होती. तिने पाव पूर्ण तोडला, तुकडे वाटले, आणि मग सांगितलं.

"तो वेळेवर यायचा."

लिम्बेर्त अजून त्याच हॉस्पिटलात आहे. दुपारी तिथे अजूनही घोटाळे होतात आणि त्याला न विचारता ते सुटतात किंवा सुटत नाहीत. सासूबाईंच्या फळीवर निकानोररावांना नवी टोपी आहे. ती नेल्वाने विणली. उरलेल्या तपकिरी लोकरीची. ही लोकर का, असं लिम्बेर्तने विचारलं, तेव्हा घरात तीच होती, असं उत्तर मिळालं. लोकरीचं दुकान तिच्या आईचं आहे, हे त्याने बोलून दाखवलं नाही.

टेबलावर आता तीन माणसांना चार ताटं असतात. चौथं त्याच्या ताटाशेजारी, सुलटं. मध्यंतरी एकदा केबलकार थोडी रखडली, तेव्हा लिम्बेर्त जिना चढत असताना वरच्या पायऱ्यांवर पावलं वाजत होती. शांत, घाई नसलेली, त्याच्या थोडीशी पुढे. बारा वर्षांच्या नोकरीत जेवढा पळाला नव्हता तेवढा तो पळाला. भिंतीला घासून, पावलांच्या बाजूने वाट काढून तो आत घुसला आणि खुर्चीत आदळला. नेल्वाच्या हातात डाव होता.

"बसलास का?" ती म्हणाली. तिने त्याच्या चेहऱ्याकडे, मग दाराकडे बघितलं, आणि सूप वाढायला लागली.